गोड बोलून मारणारे भांडीवाले शेठ

ये गं, अशी जवळ सरक. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे पिंपरी पेंढारला, म्हणजे सरकून सरकून किती सरकणार; पण निदान तो मोबाइल बाजूला ठेव आणि हे वाचताना कान माझ्याकडे कर, कारण मला तुला रागवायचंय. चौथीपर्यंत माझ्या घरी राहून शिकलेली तू, माझ्या सख्ख्या बहिणीची लेक, आणि गेल्या खेपेला आलीस ती दोन तासांसाठी. मी मोठ्या कौतुकानं तुझ्या हातात एक जाडजूड पुस्तक दिलं. तू उभ्या उभ्या दोन पानं वाचलीस, डावीकडची वाट धरलीस, तिथं अजगरानं तुला गिळलं, आणि "हे काय गं मावशी, संपलं पण?" म्हणून पुस्तक फ्रिजवर ठेवून तू चहा प्यायला बसलीस. असं कोणी सोडतं का? अजगरानं गिळलं तर मागं फिरायचं आणि उजवीकडची वाट धरायची. चार पानं पुढं गेली असतीस तर कोण भेटलं असतं ते तुझं तुला कळलं असतं. ते मी सांगणारच आहे, पण आधी ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याच्याबद्दल सांगू दे. कारण जुन्नर आणि आंबेगाव असे दोन्ही तालुके पालथे घातलेस तरी इतकं गोड बोलून माणसं मारणारा दुसरा माणूस तुला सापडायचा नाही.

त्याला तू पाहिलंयस. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या बोळात ते भांड्यांचं दुकान आहे ना, जिथं दारातच पितळी घंगाळं एकावर एक रचलेली असतात आणि आत शिरताना पदर सांभाळावा लागतो, त्या दुकानाचा शेठ. शेठ म्हणायचं आपलं. लहानपणी मी त्याला तपेल्यात बसून रडताना पाहिलंय. त्याचे पणजोबा राजस्थानातून आले, पण हा बोलतो आपल्यासारखंच. जैनाचं घर. पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, दुकानात मुंगळ्यांची रांग लागली तर गिऱ्हाइकाला म्हणतो, "जरा या बाजूनं या, त्यांचं काम चाललंय." आणि हाच माणूस गल्ल्याशेजारी बसून जी पुस्तकं लिहितो त्यांत दर तिसऱ्या पानाला कोणीतरी दरीत पडतं, नाहीतर उडत्या बिबट्याच्या तोंडी जातं. खेळाची पुस्तकं म्हणतो तो त्यांना. गोष्टीत राजे, राक्षस सगळे असतात, पण गोष्ट सरळ जात नाही. प्रत्येक तुकड्याला आकडा असतो आणि शेवटी तो आपल्यालाच विचारतो, पूल ओलांडायचाय तर अमक्या आकड्यावर जा, नदीत उतरायचंय तर तमक्यावर. चुकलात की मेलात. मला हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचं पहिलं पुस्तक मी अंघोळ करून, पाटावर ठेवून, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीनं वाचलं, पोथी वाचतात तसं, मधली एक ओळ न सोडता. नऊ दिवस लागले. मग दुकानात जाऊन म्हटलं, "बाबा, लिहितोस चांगलं, पण तुझा तो राजपुत्र बुडून मरतो, लगेच घोड्यावर बसतो, परत मरतो, मग त्याचं लग्न लागतं. त्याला जरा दम घेऊ दे." दुसरा असता तर हसला असता. ह्यानं माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि दोन बोटं दोन पानांत अडकवून हे पुस्तक कसं वाचायचं ते अर्धा तास शिकवलं. कुकरची शिट्टी बदलायला आलेलं गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते उभंच.

बोलणंही त्याचं तसंच, तीन तीन वाटांचं. कुकर दाखव म्हटलं की सुरू होतो, "काकू, तीन वाटा आहेत. तीन लिटरचा घेतलात तर आज स्वस्तात सुटाल, पण पावणे आले की पुन्हा इथंच याल. पाच लिटरचा घेतलात तर सूनबाई म्हणतील, एवढा कशाला. आणि तिसरी वाट म्हणजे आत्ता रिकाम्या हातानं घरी जा आणि सूनबाईंनाच विचारून या." बायका तिसऱ्या वाटेनं जातात त्या परत येत नाहीत. त्याची आई आतून ओरडत असते, "अरे, तिसरी वाट सांगू नकोस रे कुणाला!" दुसऱ्यांच्या असल्या पुस्तकांत म्हणे तलवारी असतात. ह्याचा वीर कमरेला पळी खोचून आणि पाठीला परात बांधून निघतो.

परातीवरून आठवलं. आहेराच्या भांड्यांवर नाव घालायचं मशीन ह्याच्या हातात आणि गोष्ट डोक्यात. सुचलेली ओळ विसरू नये म्हणून तो ती जवळ असेल त्या भांड्याच्या बुडाला कोरून ठेवायचा. त्यातली एक परात चुकून पारगावच्या एका लग्नात आहेर म्हणून गेली. नव्या नवरीनं भाकरी झाल्यावर परात घासून पालथी घातली, तर बुडाला कोरलेलं, "एकशे चौदा. इथे तुझा प्रवास संपला." घरात रडारड. सासू म्हणाली, "कुणीतरी करणी केलीया. माझ्या सुनंवर डोळा हाय कुणाचातरी." शेठला कळल्याबरोबर तो मोटरसायकलला नवी परात बांधून स्वतः पारगावला गेला, हात जोडले, आणि एकशे चौदाव्या तुकड्याची अख्खी गोष्ट त्यांना सांगितली. सासूनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यो मेल्यावर फुडं काय?" तीन पुस्तकं खपवून आला पठ्ठ्या. ती परात त्यांनी परत दिलीच नाही. आल्यागेल्याला उलटी करून दाखवतात.

पुस्तक खपवण्यात त्याच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही. प्रत्येक कुकरात तो चिठ्ठी टाकतो, "झाकण उघडलंत. आत अंधार आहे. हात घालणार, की आधी दिवा आणणार?" कृषी प्रदर्शनात ठिबकच्या नळ्या आणि खताच्या पोत्यांच्या मध्ये ह्याचं टेबल, लोक पुस्तक उलटसुलट करून विचारतात, "शेठ, हे कोणत्या पिकावर मारायचं?" तो न चिडता सांगतो, "डोक्यावर." बारा जणांच्या बारा गोष्टींचा संग्रह काढायचा ठरवला तेव्हा एसटी स्टँडवर गाड्या पुकारणाऱ्या साहेबांच्या मागं तो दोन महिने लागला. शेवटी त्यांनी कंटाळून एक गोष्ट लिहून दिली. त्यात प्रवासी चुकीच्या गाडीत बसतो आणि थेट पाताळात उतरतो. संग्रहात तीच सगळ्यात चांगली. प्रकाशक वगैरे त्याला नाही. छपाईचा खर्च तो लोकांकडून मोबाइलवर आधीच गोळा करतो, गणपतीची वर्गणी काढतात तशी, आणि कबूल केलेलं पुस्तक निघालं नाही तर ज्याचं त्याला परत. मी म्हटलं, "म्हणजे पंगत बसायच्या आधीच आहेर घ्यायचा." तो म्हणाला, "हो काकू, म्हणजे मग पंगत वाढल्याशिवाय पळता येत नाही." पण पहिल्या दोन्ही पुस्तकांची वर्गणी आली ती सगळी बाहेरून, नाशकातून, नांदेडातून, कुठं जर्मनीत बसलेल्या मराठी माणसाकडून. आपल्या भागातून एक माणूस नाही. हे त्याला फार लागलं होतं. बोलायचा नाही, पण त्या दिवसांत नाव घालताना त्याचं मशीन भांड्यात जास्त खोल जायचं.

तिसऱ्या पुस्तकाला त्यानं पणच केला. घाटातल्या जुन्या वाटेची गोष्ट, आणि तिच्यातलं एकूण एक माणूस जुन्नर-आंबेगावचं. जो वर्गणी देईल त्याचं खरं नाव गोष्टीत. तसं जाहीर करून टाकलं आणि दुकान आईवर सोपवून दारोदार फिरला. आणि दिली की गं लोकांनी! हंड्यावर नाव घालून घ्यायची हौस आपल्याकडे आहेच, ती त्यानं जन्मभर पाहिलेली. आमच्या भिशीतल्या अकरा बायकांनी दिली, गॅरेजवाल्यानं दिली, ऊसतोडीच्या मुकादमानं दिली. शेठ इतका खूश, की त्या आठवड्यात त्यानं कुणाला तिसरी वाट सांगितली नाही. मग कुणीतरी विचारलं, "पर शेठ, गोष्टीत आमी करायचं काय?" शेठ गोड हसून म्हणाला, "काही जण जगतील, बरेचसे मराल." झालं! दुसऱ्या दिवशी दुकानात ही गर्दी. गॅरेजवाला म्हणाला, "भाऊ, माझ्या नावाला अजगर नको. पोरीचं जमवायचं चाललंय, पावणं वाचत्याल ना." मुकादम म्हणाला, "मला न्हाई मरायचं. माझ्या मेव्हण्याचं नाव घाल आन् त्याला लई वेळा मार." भिशीतल्या बायकांचं म्हणणं, अकराच्या अकरा जगणार असू तरच आमची नावं घाल.

बाहेरगावची मंडळी मरायला एका पायावर तयार होती, पण शब्द दिला होता तो आपल्या माणसांचा. त्यानं कुणीच न मरणारं पुस्तकही लिहून पाहिलं आणि मला वाचायला दिलं. "तू दरीत पडलास. खाली गवताची गंजी होती. चहा घे आणि पुन्हा वर ये." सहाव्या चहाला मला झोप लागली. "बघा ना काकू," तो म्हणाला, "चुकल्यावर काहीच हरवत नसेल तर पाऊल जपून कोण टाकील?" आणि दिवसही थोडे. त्याचा एक नेम आहे, कुठल्या ग्रंथातला नाही, स्वतःचाच. चातुर्मासात तो पुस्तकातसुद्धा कुणाला मारत नाही. ते चार महिने नुसत्या सुखाच्या वाटा लिहितो. पुस्तक कबूल केलेलं दिवाळीनंतरचं, म्हणजे सगळी मरणं चातुर्मास लागायच्या आत उरकायला हवीत. नाहीतर वर्गणी परत, आणि आपल्या भागाचं पुस्तक हा विषय कायमचा मिटला. आठ दिवस उरले असताना मी एका तांब्यावर नाव घालून घ्यायला गेले, तर मशीन बंद आणि शेठ गल्ल्यावर हनुवटी टेकून बसलेला. मी म्हटलं, "मला मार."

"काकू!" तो ताडकन उठला. "काय बोलता? आई ऐकतेय."

"ऐकू दे. तुझ्या गोष्टीत ती वाट दाखवणारी म्हातारी आहे ना, सगळ्यात जास्त वेळा मरणारी? ती मी. मला काही आता पावणे बघायला यायचे नाहीत. दरीत ढकल, अजगराला घाल, काय करायचं ते कर. पण पुस्तक काढ."

"तुम्हाला कसं मारू? तुमच्या लग्नातल्या हंड्यावर माझ्या बापानं नाव घातलंय."

"मग बापानं हंड्यावर घातलं, तू पुस्तकात घाल."

आतून त्याची आई म्हणाली, "मार बाबा. पण काकूंना फार लागेल असं नको."

आता कळलं, चार पानं पुढं तुला कोण भेटलं असतं? आठ दिवसांत त्यानं मला चौदा वेळा मारलं, आणि दर वेळी आधी माझ्याकडून थोडं बोलवून घेतलं. तीच माझी बोलायची ढब, तेच माझं "अगं बाई". मी तयार झाले म्हटल्यावर बाकीच्यांनाही लाज वाटली. गॅरेजवाला येऊन म्हणाला, "मला बी एक मरण द्या, बारकं. पाण्यातलं तेवढं नको, मला पवता येत न्हाई." भाद्रपदात पर्युषण संपल्यावर शेठ नेमानं घरोघरी क्षमा मागायला येतो. त्या वर्षी आला, दारातच हात जोडून उभा राहिला. "मिच्छामि दुक्कडम्, काकू. वर्षभरात कळत-नकळत तुमचं मन दुखावलं असेल, त्याची क्षमा करा. आणि चौदा वेळा जाणूनबुजून मारलं, त्याची वेगळी." मी हसायला लागले. तो हसत नव्हता. मग मीही हात जोडले.

पुस्तक निघालं, ठरल्या वेळेला. आता दुकानात फोन येतात ते कुकरपेक्षा माझी चौकशी करणारे जास्त. नांदेडची कोण एक नर्स आहे, ती म्हणते, "आजी, मी पाच वेळा वाचलं, तुम्ही पाचही वेळा गेलात. पण मी सोडणार नाही, तुम्हाला घरी पोचवणारच." अगं, जिनं मला कधी पाहिलं नाही ती सोडत नाही! मीसुद्धा रोज वाचते, दोन बोटं दोन पानांत अडकवून. मरत मरत परवा शेवटाशी आले. घाट उतरला, गाव दिसायला लागलं, आणि दोनशे बाराव्या तुकड्यावर लिहिलेलं, "म्हातारी घराच्या वळणाशी आली आहे. हे पान तिनं स्वतः उलटायचं नाही. शेजारी बसलेल्यानं उलटायचं. शेजारी कोणी नसेल तर म्हातारी इथेच थांबेल." मी दुकानात जाऊन भांडले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, ते पान मी चातुर्मासात लिहिलंय. मारायचं काम मी एकट्यानं केलं. घरी पोचवायचं काम एकट्याचं नाही."

पोरगा-सून नोकरीपायी चाकणला. शेजारीण एकदा बसली, पण स्वतःचं नाव कुठल्या पानावर आलंय तेवढं बघून उठून गेली. आणि खरं सांगू का, पान उलटायला मला तूच पाहिजेस. तू माझ्याकडे शाळेला होतीस तेव्हा तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं लावायला शिकले. तू मांडीवर बसून पान धरायचीस आणि माझी ओळ वाचून होईपर्यंत उलटायची नाहीस, कितीही वेळ लागला तरी. चोरून पुढचं पान बघता आलं असतं मला. नाही बघितलं. पुस्तक तिथंच उघडं ठेवलंय, वर तो नाव घातलेला तांब्या ठेवून. तेव्हा बाई, आता त्या अजगराच्या पोटातून बाहेर निघ, उजवीकडची वाट धर, आणि लवकर ये. मी वळणाशी थांबलेय.