आजीच्या अंगात दिवसाआड येणारा देव

माझ्या आजीच्या अंगात देव यायचा. एक दिवसाआड, दुपारी, अगदी टायमावर!

हसू नका. आज तिचा स्मृतिदिन, म्हणून तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं लिहून टाकते.

जव्हार संस्थानाचा काळ. आजी दाभोशाजवळच्या पाड्यावर नवी सून.

नागली कापताना एका दुपारी तिचं अंग थाडथाड उडायला लागलं. दात वाजायला लागले. बायकांनी पटापट हात जोडले.

"मी देव नाय. मना हीव भरलाय, घोंगडी द्या," आजी कळवळून म्हणाली.

झालं! देवाने घोंगडी मागितली!

पुढच्या खेपेला आजीला पाटावर बसवलं, दारात घोंगड्यांची रास.

कुणी हरवलेला बैल विचारला. आजीच्या घशाला कोरड, ती नदीकडे हात करत राहिली. बैल नदीवरच सापडला! मग काय, मोखाड्याकडूनही माणसं यायला लागली.

पणजीचा, म्हणजे आजीच्या सासूचा, रुबाब तर विचारूच नका.

मधल्या दिवशी आजी कापणीला हजर. त्यामुळे ती आजारी असेल हे कुणाच्या डोक्यातच येईना.

एकदा माणसं पांगल्यावर पणजीने तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. थोड्या वेळाने लुगडं घामाने भिजलं. आजीला उठवेना.

पणजी म्हणाली, डोली बांधा, जव्हारच्या दवाखान्यात न्यायचंय.

आजोबा अडून बसले. पावसाळ्यात त्यांना ताप आला, तेव्हा तिथलीच कोयनेल, म्हणजे क्विनाईन, गिळून कान तेवढे वाजले होते, ताप काही हटला नव्हता. कडू गोळी फुकट, हे त्यांचं मत पक्कं.

पणजीने ऐकलं नाही.

दवाखान्यातही आजोबांनी तेच ऐकवलं. डॉक्टरांनी आधी त्यांनाच विचारलं, तुला थंडी भरायची का? नाही. सांधे ठणकायचे, डोळ्यांमागे दुखायचं, अंगावर लाल पुरळ आलं होतं.

"तुझा हाडमोड्या ताप होता. त्याला कोयनेल चालत नाही. हिचा हिवताप. आधी थंडी, मग ताप, मग घाम, आणि एक दिवस सुट्टी. दोन्ही डासांचेच, पण डास वेगळे. हिला कोयनेल नाही दिली तर ही जाईल."

काय भारी ना! डेंग्यू की मलेरिया, नुसतं विचारून! (तुम्ही मात्र असं घरी ठरवू नका हां, रक्त तपासा.)

कोयनेल लागू पडली. आजी डोलीतूनच परत आली, नुसती हाडं उरलेली.

अंगणात नारळ घेऊन माणसं बसलेली. लांबून आलेली.

सासू परत पाटावर बसवणार, असं आजीला वाटलं. तेवढा जोर अंगात नव्हता, आणि नाही म्हणायची सोयही नव्हती.

पणजीने तिला आत निजवलं, अंगावर घोंगडी घातली आणि दारात येऊन उभी राहिली.

"द्येव नव्हता, ताप व्हता. माझी सून निजलीय. हळू बोला."

आजी, तुला मनापासून नमस्कार.

पण आजचा पहिला नमस्कार पणजीला.