मिलानमधली चिमाबाई

आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या खिशाची राखण केली. एसटीत कंडक्टर व्हते. जत्रेच्या गर्दीत पाकीटमार गाडीत चढला की ह्यांना नुसत्या वासावरनं कळायचं म्हणे. म्हणे म्हंजे हेच म्हणतात. दुसऱ्या कुणी म्हणलेलं माझ्या तरी कानावर आलं न्हाई.

मग रिटायर झाले. हारतुरे झाले, शाल-श्रीफळ झालं, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे. 'तेल लई जातंय.' 'ही कढई हितं कशाला?' आठवड्याभरात समद्या डब्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. मिठाच्या डब्यावर 'मीठ'. आता सांगा, इतकी वर्सं मी काय आमटीत साखर घालत व्हते? भाकरी थापायला बसलं की मागनं आवाज, 'चला, चला, पुढची घ्या.' मला वाटायचं, आता हे घंटी मारून मला पुढच्या स्टॉपला उतरवतायत.

शेवटी एक दिवस शेजारच्या चिमाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले अन् रडलेच. चिमाबाई म्हंजे आमच्या आळीची म्होरकी. वयानं मोठी, जिभेनं त्याहून मोठी. म्हणलं, 'चिमाआक्का, ह्यांना कायतरी काम द्या. न्हाईतर एक तर मी विहीर जवळ करीन, न्हाईतर ह्यांना तरी ढकलीन.'

'थांब सोने, बघती,' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हजर. हातात एटीएमचं कार्ड, अन् तोंड असं भोळं केलेलं की जशी काय आत्ताच डोंगरातनं खाली उतरलीय. 'सोपाना, माज्याच्यानं त्या मशीनीचं जमत न्हाई रं बाबा. तेवढं दुधाचं पैसं काढून आणतोस का?' ही बाई लाईटबिल फोनवरनं भरती! नातीला, श्रेयाला, फोनवरनं खाऊला पैसे धाडती! मी पदर तोंडात कोंबून आत पळाले.

चिमाबाईंमागनं लंकाबाई आली, मग साळुबाई, मग धोंडाबाई. आक्कांनी आळीभर फर्मान सोडलं व्हतं. अन् आमचा माणूस बदलला हो! इस्त्रीचा शर्ट, खिशात रबर लावलेली कार्डांची चवड, अन् दर आठवड्याला जुन्नरची फेरी. मशीनपुढं रांगेत उभे राहायचे तेच मुळी तहसीलदाराच्या थाटात. माघारी आले की घरोघरी जाऊन नोटा मोजून द्यायचे, वर पावती, अन् पावतीवर भाषण. 'पिन कुणाला बी सांगायचा न्हाई. सख्ख्या नवऱ्याला सुदीक न्हाई.' जिनं आपला पिन परवाच ह्यांच्या कानात सांगितला, ती बी मान डोलवायची.

माझ्या घरात शांतता नांदायला लागली. ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ फोडून आले. ह्यांना ह्यातलं काय बी माहीत न्हवतं, अन् कधी कळू बी नये, एवढंच माझं मागणं व्हतं. माणूस खुशीत व्हता, त्याची खुशी आपण कशाला मोडायची?

तर अशात आमच्या प्राचीनं, लेकीनं, विमानाची तिकिटं धाडली. ती नोकरीला इटलीत, मिलान नावाच्या शहरात. निघताना मी ह्यांना म्हणलं, 'बायांची कार्डं त्यांची त्यांना देऊन टाका.' तर टीव्हीवरच्या ठाकुरासारखे उभे राहिले अन् म्हणाले, 'ही लोकांची अमानत हाय. माघारी दिली अन् एखादीनं हरवली मंग?' घ्या! ज्या बायांनी भीमाशंकरच्या पल्याड पाऊल टाकलं न्हाई, त्यांची कार्डं विमानात बसून परदेशी निघाली.

मिलानात एक लई मोठं देऊळ हाय, त्यांचं चर्च. पुढं भलं मोठं पटांगण अन् कबुतरंच कबुतरं. प्राची आमाला तिथं घेऊन गेली अन् तिकिटाच्या रांगेत उभी राहिली. सकाळपास्नं ह्यांचा पट्टा चालूच व्हता. 'पर्स पुढं घे. पदर आवर. हितं लई चोर असतात, पण मी बघताक्षणी वळखतो.' तेवढ्यात एक हसरा बाप्या आला अन् ह्यांच्या हातावर मक्याचे दाणे ठेवले. 'फ्री, फ्री!' म्हणाला. फुकट म्हणल्यावर आमचे कंडक्टर विरघळले. दोन्ही हात पसरून उभे. हातावर कबुतरं, खांद्यावर कबुतरं, एक थेट टकलावर. 'काढ, काढ, फोटो काढ!' मी काढला.

तो फोटो अजून माझ्या फोनमधी हाय. मधी बुजगावण्यासारखे हात पसरलेले आमचे हे, तोंड उघडं, अन् मागच्या खिशात कुणाची तरी चार बोटं. स्पष्ट दिसतात.

बायांच्या समद्या कार्डांसकट पाकीट गेल्याचं कळलं तवा ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. प्राची आमाला घरी घेऊन आली. 'बाबा, आधी बँकेला फोन करून कार्डं बंद करा, बाकी नंतर बघू,' म्हणाली. बँकेचा फुकटचा नंबर ह्यांना तोंडपाठ. लावला, लागेना. परत लावला, लागेना. प्राची म्हणाली, 'बाबा, तो नंबर भारतातूनच लागतो. परदेशातून वेगळा नंबर असतो. कार्डाच्या मागे छापलेला असतो.' कार्डाच्या मागं! म्हंजे सोय समदी व्हती, पण ती चोराकडं. मग तिनं बँकेच्या साइटवरनं दुसरा नंबर काढून दिला अन् तिची कामाची मीटिंग व्हती म्हून आतल्या खोलीत गेली. ह्यांनी सांगितलंच व्हतं, 'तू जा, मी बोलतो. बँकेचं समदं मला कळतं.'

बँकेचं गाणं ऐकून ऐकून कान किटले, तवा कुठं एक पोरगी बोलायला आली. ह्यांचं कार्ड झटक्यात बंद केलं. गोड आवाजात म्हणाली, 'आणखी काही मदत करू का सर?'

'व्हय. आता चिमाबाईंचं करा.'

'तुम्ही चिमाबाई आहात का?'

'मी कसा आसंन? मी त्यांचा म्हंजे समद्या आळीचा माणूस हाय.'

'सर, ज्यांचं खातं त्यांनाच बोलावं लागतं.'

'अवो ताई, खातं तिकडं, कार्ड चोराकडं, पिन माझ्या डोक्यात. आता कुणी बोलायचं?'

'त्यांचा पिन तुम्हाला माहीत आहे?' पोरीच्या आवाजातला गोडवा पार गेला. ह्यांनी फोनच ठेवून दिला.

मी म्हणलं, 'आक्कांना फोन लावा अन् सांगून टाका.' तर म्हणाले, 'काय सांगू? तुझं कार्ड कबुतरांनी नेलं? अगं, आळीत माझ्या शब्दाला किंमत हाय. एकदा का कळलं, तर कोण माझ्या हातात कार्ड देईल? मी मग करू काय दिवसभर?' तोंड एवढंसं झालं व्हतं. मला लई वाईट वाटलं. माणूस कितीबी बढाईखोर असला तरी आपला व्हता.

मग ह्यांनी जे केलं ते ऐका. खुंटीवरचा टॉवेल घेतला, डोक्यावरनं पदरासारखा घेतला, कपाळापर्यंत ओढला, घसा खाकरला अन् परत बँकेला फोन लावला. टॉवेल कशाला, तर म्हणाले त्याशिवाय आवाज लागत न्हाई. ह्या खेपेला दुसरी पोरगी आली. 'हॅलो, मी चिमाबाई बोलतीया,' असा बारीक आवाज काढला की मलाच मागं वळून बघावंसं वाटलं. पोरीनं जन्मतारीख विचारली. एक जून! शाळेच्या मास्तरांच्या कृपेनं आमची आख्खी आळी एक जूनलाच जन्मली, साल तेवढं ज्याचं त्याचं. ते बी ह्यांना पाठ. पोरगी म्हणाली, 'आता पतीचं नाव सांगा.'

आन् हे थांबले! नाव काय माहीत न्हाई व्हय? चिमाबाईंचे मालक रामनाथराव, ह्यांच्याबरोबर लहानाचे मोठे झालेले. पण आमच्यात जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, अन् चिमाबाईंच्या तोंडून तर ह्यांनी ते कधी ऐकलंच न्हवतं. हे त्या टॉवेलात असे काय शिरले व्हते की खरंखुरं लाजले. देवाशप्पथ लाजले! म्हणाले, 'आमच्यात नाव घेत न्हाईत, बाई.'

मी कपाळावर हात मारला. पोरगी पलीकडं खुदकन हसली. आपल्याकडचीच असावी. म्हणाली, 'बरं मावशी, मग उखाण्यात घ्या.'

आन् ह्यांनी घेतला की!

'कुकडीच्या पाण्यावर उसाला आला तुरा,
रामनाथरावांचं नाव घेते, माझं कार्ड बंद करा.'

'वा मावशी, झकास!' पोरगी म्हणाली. 'पण तुमचं कार्ड तर बंदच दिसतंय. मघाशी तुम्हीच फोन केला होता ना?'

'कुणी?' हे आपल्या मूळच्या घोगऱ्या आवाजात ओरडले.

'तुम्हीच. चिमाबाईंनी.' जराशानं ती हळूच म्हणाली, 'आत्ता कोण बोलतंय?'

ह्यांनी फोन सोफ्यावर असा टाकला जसा काय तो तापलेला तवा. अन् माझ्याकडं वळून म्हणाले, 'अगं, कुणीतरी चिमाबाई बनून बँकेला फसवतंय! काय एकेक हलकट लोक असतात जगात!' डोक्यावर टॉवेल तसाच.

मला बघा लगेच उमगलं कुणी फोन केला असंल ते. म्हणलं, 'जाऊ द्या ना. कार्ड बंद झालं न्हवं? मिटलं.' पण हे कसले ऐकतात! 'आक्काला सावध केलं पायजे,' म्हणाले, अन् मी हात पुढं करीपर्यंत व्हिडिओ कॉल लावला सुदीक.

तिकडं सांज झाली व्हती. चिमाबाई ओसरीवर, शेजारी लंकाबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली.

'आक्का, घाबरू नको,' हे म्हणाले, 'पण कुणीतरी तुझ्या नावानं...'

'अरं, मीच केला फोन,' चिमाबाई म्हणाल्या. 'मेसेज आला, परदेशात कुठल्यातरी दुकानात कार्ड चालवाया बघितलं म्हून. आदी वाटलं, सोपान माज्या कार्डावर बायकूला पायताण घेतोय. मग म्हणलं, न्हाई, सोपान तसला न्हाई, पाकीट मारलं असणार. लावला नंबर, केलं बंद. ह्या समद्यांना बी आपापलं बंद कराया लावलं. तुला फोन न्हाई केला, म्हणलं, उगं खजील व्हशील.'

'तू लावलास? तुला जमलं?'

'न जमाया काय झालं?' चिमाबाई बोलून गेल्या, अन् लगेच जीभ चावली. 'म्हंजे, श्रेयानं सांगितलं तसं दाबलं बाबा.'

पण लंकाबाईच्या पोटात कधी काय राहिलंय? 'श्रेया कशाला? आक्काच आमाला शिकवती! समदं फोनवरच तर चालतं आता. कार्ड कुणाला लागतंय?'

हे म्हणाले, 'मग कार्डं मला कशाला देत व्हता?'

चिमाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्या मागनं मान हलवली, नको, नको. लंकाबाईनं शेंग मोडली अन् म्हणाली, 'आता झाकून काय फायदा? सोनीनं पदर पसरला व्हता. म्हणली, ह्यांना घराभाईर काढा. आमी म्हणलं, देऊ या, तेवढाच बिचारा रमंल.'

'लंके, तुझं तोंड हाय का गटार?' चिमाबाई तिच्या अंगावर खेकसल्या. मग फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाल्या, 'सोपाना, पैसं खरं व्हतं रं. तू आणलेल्यात एक रुपाया कधी कमी भरला न्हाई.'

'बरं आक्का,' हे म्हणाले. 'कार्डं बंद झाली, ते बेस झालं.' अन् फोन ठेवला.

डोक्यावरचा टॉवेल काढला, नीट घडी केली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी एकदम तोंड सोडलं. दुसरं सुचलंच न्हाई. 'मग काय करायला पायजे व्हतं मी? चिठ्ठ्या चिकटवत बसला असता जन्मभर! तुमच्या भल्यासाठीच केलं. खुशीत न्हवता का तुमी? बोला ना, खुशीत न्हवता?' हे टॉवेलाची घडी परत सारखी करत बसले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडायची मला सवय हाय.

आतली मीटिंग संपवून प्राची भायेर आली. तिला ह्यातलं काहीच ठाऊक न्हाई. म्हणाली, 'झाली का सगळी कार्डं बंद? आई, तुझं? तुझं पण बाबांच्याच पाकिटात होतं ना?'

'माझं कशाला? माझं माझ्याजवळ हाय,' मी म्हणलं, अन् झंपरातली खणाची पिशवी काढून कार्ड दाखवलं बी.

ह्यांनी त्या कार्डाकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, 'परक्या बायांनी दया म्हून का व्हईना, पण माझ्या हातात कार्ड ठेवलं. तू तर दया म्हून बी न्हाई ठेवलंस.'

मी लगेच म्हणायला गेले, अवो, तसं काय न्हाई, माझ्या मनातच आलं न्हाई कधी. पण मनात आलं व्हतं. एकदा न्हाई, कैकदा. अन् दर खेपेला मी म्हणलं व्हतं, नको, ह्यांच्या हातात नको.