गुणवंत सबनीसांचं कपाट

स्वातंत्र्य हा विषय द्या आणि गुणवंत सबनीसांना उभं करा. पाऊण तास गेलाच म्हणून समजा. यंदाच्या पंधरा ऑगस्टला शारजातल्या मराठी मंडळींनी ही चूक केली. "पुण्यात माणूस गुलाम असतो हो! सोसायटीचा सेक्रेटरी, खड्डे, नातेवाईक! इथे कसं, यल्ला, चला, म्हणायचं आणि मोकळेपणाने जगायचं!" टाळ्या पडल्या. त्यांच्या पत्नी मृणालिनी तेवढ्यात सामोसे गरम करायला निघून गेल्या.

सबनीस रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्याचे प्लांट मॅनेजर. "मी आलो तेव्हा इथे काही म्हणजे काही नव्हतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. कारखान्याचं कुंपण अधूनमधून वाळवंटात पुढे सरकतं, आणि एक म्हातारा उंटवाला आणखी लांबून वळसा घालतो. "काही नव्हतं" यात तो म्हातारा धरायचा की नाही, ते सबनीसांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्या केबिनमध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्यात कामगारांचे पासपोर्ट. असे ते ठेवून घेणं बेकायदा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण "बिचारे हरवतात हो, मी आपला सांभाळतो!" केवढी ती माया! भट्टीवरच्या नागेशने बहिणीच्या लग्नाला जायला पासपोर्ट मागितला, तेव्हा या मायाळू माणसाने त्याला नुसतं "इन्शाल्ला" ऐकवलं. लग्न उरकलं, नागेश भट्टीवरच राहिला.

आणि मग घरातच बंड झालं. मुलगी वैभवी, जन्म इथला, शाळा इथली, तिला नोकरी मिळाली ती नेमकी पुण्यात! सोमवारी रुजू व्हायचं होतं.

"अगं, ज्या खड्ड्यांतून मी बाहेर पडलो त्यात तू उडी मारणार?"

"इट्स माय लाइफ, बाबा. मला एकटीला राहून बघायचंय."

"हे असलं स्वातंत्र्य आपल्या घरात नको. खलास!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी तिचा पासपोर्ट घरातून गायब. "सांभाळून ठेवलाय," एवढंच ते म्हणाले. वैभवी रडली, चिडली, पण बॅग मात्र तिने भरून ठेवली.

गुरुवारी कारखान्यात सरकारी अधिकारी आला. कुणीतरी तक्रार केली होती. कपाट उघडलं, गठ्ठे टेबलावर आले. एक पासपोर्ट उघडून अधिकाऱ्याने साफ हिंदीत विचारलं, "ये लड़की कौन सी भट्टी पे काम करती है?"

सबनीसांनी पासपोर्टवरचा फोटो पाहिला. "वो... मेरी बेटी है, सर."

अधिकाऱ्याने पासपोर्ट मिटला. मग म्हणाला, ज्याचा पासपोर्ट त्याच्याच हातात देणार, बुलाओ उसको. सबनीसांना स्वतः फोन लावावा लागला.

शारजातल्या अल मजाजच्या घरून वैभवी आली आणि मुकाट्याने नागेशच्या मागे रांगेत उभी राहिली. आपल्याच बापाच्या केबिनबाहेर! नागेशने पासपोर्ट घेतला, उघडून स्वतःचा फोटो पाहिला आणि खिशात घातला. वैभवीनेही आपला घेतला.

टेबल रिकामं झालं. अधिकाऱ्याने सबनीसांना विचारलं, "और आपका?"

सबनीस घुटमळले. "मेरा... मालिक के पास है, सर. शुरू से. वो संभाल के रखते हैं."

अधिकाऱ्याने मालकाच्या केबिनकडे बोट केलं. तिथे हिशेबनीस आणि दोन इंजिनिअर आधीच ताटकळत होते.

वैभवीने पर्स बंद केली. बापाच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "जा बाबा. द लाइन इज दॅट साइड."