शेजारणीचं दुखणं

घाटकोपरला बाजाराच्या कोपऱ्यावर डॉक्टर श्यामकांत देवधरांनी दवाखाना उघडला तेव्हा चाळीतल्या बायकांना वाटलं, बरं झालं, आता औषधासाठी लांब जायला नको. पण पहिल्या महिन्यातच त्यांची कुरकुर सुरू झाली. डॉक्टर माणूस सज्जन, हाताला गुण होता, कुणालाही आल्याबरोबर बाकावर बसवून घ्यायचे. फक्त त्यांना काही कळायचं नाही. ते शिकले-वाढले पुण्यात, आणि चाळ निम्मीअधिक मालवण-कुडाळकडची. एका म्हातारीने वाताने अंग धरलं या अर्थी "माका वारो लागलो" म्हणून सांगितलं, तर डॉक्टरांनी उठून खिडकी लावून घेतली. म्हातारी औषध न घेताच घरी आली.

त्यातून बाई माणूस दवाखान्यात गेली की बोलायचा तिचा नवरा. चाळीतल्या शेवंती राणेला हे फार खटकायचं. ती स्वतः खोकल्यासाठी गेली होती त्या दिवशी तिच्या आधी शेजारची सुगंधा नवऱ्याबरोबर आत गेली. पडद्याआडचं सगळं बाहेर ऐकू येत होतं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"तसं काही नाही हो," सुगंधाचा नवरा म्हणाला. "कामाचा कंटाळा. जरा ताकदीचं औषध द्या."

शेवंतीला राहवलं नाही. ती खोकत खोकत पडदा सारून आत गेली. "डॉक्टर, हिला उठलं की डोळ्यांपुढे काळोख येतो. जिना चढताना धाप लागते. परवा नळावर भांडं हातातून सुटून पडलं. कंटाळा कसला? ह्यांना काय माहीत, हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात."

डॉक्टरांनी सुगंधाची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि म्हणाले, "रक्त कमी झालंय यांचं. बाई, तुम्ही यांच्या कोण?"

"कोण नाय. बाजूच्या खोलीतली."

"मग पुढच्या वेळीही तुम्हीच या."

डॉक्टरांनी ते सहज म्हटलं असेल, पण चाळीने मनावर घेतलं. कुणाला काही झालं की आधी शेवंतीच्या दारात सोबत येण्यासाठी हाक यायची, "शेवंतीवैनी, चल गो वांगडा." मग शेवंती हातातलं काम टाकून, पदर खोचून निघायची. बाकावर बसल्या बसल्या ती बाईकडून सगळं काढून घेई, आणि आत जाऊन ते डॉक्टरांना समजेल अशा भाषेत मांडी. पोटात भगभगणं वेगळं आणि गुडगुडणं वेगळं, हे तिने त्यांना हाताने हवेत रेघा ओढून समजावलं. हळूहळू डॉक्टरही तयार झाले. वर्षभराने ते स्वतःच विचारू लागले, "आंग मोडून येता काय?" त्यांचा तो पुणेरी मालवणी सूर ऐकून बाई निम्मी तिथेच बरी व्हायची.

शेवंतीचा नवरा जयवंत परळच्या गिरणीत होता. एकुलती एक मुलगी जयंती, तिला विक्रोळीला दिलं त्याला वर्ष होत आलं होतं. जावई तिथल्या कारखान्यात होता. घर मोकळं झाल्यामुळे शेवंतीला दवाखान्याची ही धावपळ आवडायची. चाळीशी उलटली होती, केस कानशिलाशी पांढरे झाले होते, पण पायात भिंगरी होती.

आणि मग पावसाळा सरता सरता ती गप्प गप्प राहू लागली.

तिच्या ओटीपोटात गोळा आला होता. आधी तिला वाटलं, बाईचं वय झालं की जे थांबतं ते थांबलंय, त्याचंच काहीतरी असेल. पण गोळा वाढत चालला. तिची आई पोटातल्या गोळ्यानेच गेली होती. तिची अखेरची अवस्था शेवंतीने लहानपणी गावी पाहिली होती. त्यामुळे तिने कुणाला काही सांगितलं नाही. लुगड्याच्या निऱ्या जरा जास्त घोळदार खोचायला लागली, एवढंच. रात्री जयवंतला झोप लागली की पोटावर हात ठेवून छताकडे बघत पडायची. दुसऱ्यांचं दुखणं घडाघडा सांगणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य जमेना.

शेवटी एका दुपारी, दवाखाना रिकामा बघून, ती एकटीच गेली.

"आज कोणाला आणलंत?" डॉक्टरांनी तिच्या मागे पाहत विचारलं.

"आणली नाय. आमच्या चाळीत एक बाई आहे, तिचं विचारायचंय. ती यायला घाबरते."

"बसा. काय होतंय त्या बाईंना?"

शेवंती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने सांगितलं. गोळा कुठे आहे, कधीपासून आहे. डॉक्टर तिच्याकडे न बघता टेबलावरचा टीपकागद सरळ करत ऐकत होते.

"त्या बाईंचं वय काय?"

"माझ्याएवढीच."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. लग्न झालं तिचं."

"जेवण जातं?"

"जातं की. मध्यंतरी जात नव्हतं, सकाळी मळमळायचं. आता उलट सारखी भूक लागते." शेवंती खुर्चीत पुढे सरकली. "डॉक्टर, वाचेल ना हो ती?"

"मला एक सांगा. तो गोळा हलतो का?"

"हलतो. संध्याकाळी निजलं की जास्त. आतून ढुशा दिल्यासारखं करतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरत नव्हतं, पण आवाज त्यांनी गंभीरच ठेवला. "त्या बाईंना माझा निरोप सांगा. म्हणावं, रोगाचा गोळा ढुशा देत नाही. ढुशा देणारा गोळा एकच असतो, आणि तो त्यांना चांगला माहीत असायला हवा."

शेवंतीने खाली पोटाकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली, पदर तोंडावर ओढला आणि आधी रडली की आधी हसली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"डॉक्टरसाहेब," ती पदराआडून म्हणाली, "माझी लेक नांदायला गेली हो."

"असू दे ना. उद्याच डॉक्टरीण मृणालिनीबाईंच्या प्रसूतिगृहात नाव घालून या. त्या नीट तपासतील. या वयात जरा जपावं लागेल, पण भिण्यासारखं मला तरी काही दिसत नाही."

जयवंत संध्याकाळी घरी आला तेव्हा तिने त्याच्या हातात चहाचा कप दिला आणि सांगून टाकलं. तो कप घेऊन उभाच राहिला.

"खरा सांगतस?"

"खोटा कित्याक सांगू?"

तो खाटेवर बसला, चहा बशीत ओतला, न पिता पुन्हा कपात ओतला. "आता जयंतीक कोण सांगतलो?"

"तुम्ही. बापूस तुम्ही."

"छ्या! तूच सांग. सगळ्या चाळीची दुखणी तू सांगतस."

रविवारी शेवंती विक्रोळीला गेली. नेमक्या विहीणबाई पद्मजाबाई समोरच बसलेल्या, बोलायला करड्या आणि नजरेला त्याहून. चहा झाला, पोहे झाले, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. शेवंतीने दोनदा तोंड उघडून मिटलं. अखेर जयंतीनेच विचारलं, "आई, काय झालं गं? कोण आजारी आहे?"

"आजारी कोण नाय. आमच्या चाळीत एक बाई आहे..."

जयंतीने आईकडे नीट पाहिलं. चेहरा भरलेला, निऱ्या पुढे आलेल्या, मान खाली. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून फुटलंच. उठून तिने आईला मिठी मारली, तेव्हा कुठे शेवंतीचा श्वास मोकळा झाला.

पद्मजाबाई दोघींकडे बघत सुपारी कातरत राहिल्या.

माघात जयंतीने ट्रंक भरली आणि सासूच्या पाया पडली. "बाळंतपणाला माहेरी जाते."

"कुणाच्या?" पद्मजाबाईंनी विचारलं, जणू माहीतच नव्हतं.

"आईच्या."

"जा. आणि तिला ओझं उचलू देऊ नकोस."

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, ओरडून प्रसूतिगृह डोक्यावर घेणारी. जयवंतने गिरणीत पेढे वाटले. सहकाऱ्यांनी "नातू की नात?" म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "माझीच," आणि पेढ्यांचा पुडा तिथेच विसरून दुसऱ्या खात्यात निघून गेला. चाळीतल्या बायका शेवंतीला आळीपाळीने चिडवत होत्या. सुगंधाने मात्र तिच्या घरातलं पाणी रोज भरून ठेवलं.

बाराव्या दिवशी पद्मजाबाई आल्या. बरोबर डिंकाच्या लाडवांचा डबा. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, तिची मूठ उघडून पाहिली, टाळू भरली. जयंती चहा टाकायला आत गेली, तशा त्या शेवंतीच्या बाजूला सरकल्या.

"विहीणबाई, उठायला लागलात म्हणजे एक काम आहे."

"सांगा ना."

"तुमचे ते डॉक्टर ऐकून घेतात म्हणे." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "माझा गुडघा. जिन्यात कटकट वाजतो. घरात कुणाला बोलले नाही मी."

शेवंतीने उशी पाठीशी नीट घेतली, पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि म्हणाली, "चढताना वाजतो की उतरताना?"