आईनं नाक घासलं, मी सांगितलं म्हणून

माझ्या आईचा, कमलचा, अपमान झाला तो यंदा जत्रेच्या आधीच्या मंगळवारी. सकाळच्या आरतीनंतर, आमच्या गावच्या देवीच्या पायरीवर.

आई विधवा आहे. मळवलीला पुण्याच्या एका मॅडमचा बंगला सांभाळते. आदल्या रविवारी मॅडमनी देवीसाठी खण-नारळ आणला होता. पण एक्सप्रेस-वेला गर्दी होईल म्हणून घाईत निघाल्या, आणि जाता जाता आईला म्हणाल्या, माझ्या नावानं तूच ओटी भरून टाक. आईनं भरली. विधवेनं देवीची ओटी भरायची नाही, हे तिला माहीत होतं. पण ओटी मॅडमची, आपले नुसते हात, असं तिनं धरलं.

त्या मंगळवारी पालखीसाठी कौल लावला होता. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना फूल चिकटवतो. उजवं पडलं की होकार. कितीतरी वेळ एकही पडेना. मग चुकलं कुणाचं, याचा शोध सुरू झाला. कुणीतरी आईचं नाव घेतलं.

आबा गावातले मोठे जमीनदार. देवळात पहिला नारळ त्यांचा. ते आवाजसुद्धा चढवत नाहीत.

"कपाळ पांढरं आन् देवीची ओटी भरतीस व्हय, कमळे? घास नाक."

मागून एक बाई म्हणाली, बंगल्यात ऱ्हाऊन मॅडमच झालीया जणू. हसले सगळे.

आईनं माझ्याकडं बघितलं.

मी. लोणावळ्याच्या बाजारात विधवांच्या मानाची पत्रकं वाटणारी. त्या दिवशीही पिशवीत गठ्ठा होता. पण ओढ्याकडं जाणारी वाट बंगलेवाल्यांनी कुंपण घालून अडवली आहे, ती खुली करायला दुसऱ्या दिवशी आमचा मोर्चा होता. आबांच्या शब्दाशिवाय गाव उठत नाही.

मी म्हणाले, "आई, घास नाक. इषय संपव."

तिनं घासलं. पायरीचा काळा दगड, खडबडीत. नाकाची साल निघाली. थोड्या वेळानं उजवं फूल पडलं. वाऱ्यानं पडलं की सुकून पडलं, कोण विचारतो? गुलाल उधळला. आईच्या नाकावरच्या रक्तावरही बसला.

मी मॅडमना फोन केला. तुमच्या गावच्या प्रथा, मी त्यात काय बोलू, म्हणाल्या. मोर्चा झाला. आबा पुढं होते. वाट अजून बंदच आहे.

मोर्चाहून घरी आले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. माझं चुकलं, मी म्हणाले. तिनं मान वर केली नाही.

"देवीम्होरं नाक घासलं, त्याचं मला काय न्हाई. तू सांगितलंस म्हनून घासलं, त्याचं हाय."

माफ कर म्हणाले.

"मला नगं इच्यारू. तिला इच्यार."

कॉलेजात असताना मी देवीला सोडलं होतं. देवी आबांची, असं ठरवून टाकलं होतं. किती सोयीचं होतं ते! माझा हिशेब मागणारं वर कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देऊळ रिकामं असताना गेले. हात जुळेनात. मग जुळले. म्हणाले, आये, तुझ्या लेकीला तुझ्याच पायरीवर मी वाकवलं. आबांनी सांगितलं, पण ती वाकली माझ्या शब्दावर. कौल मागितला नाही. मागायला तोंड नव्हतं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. त्या मंगळवारपासून आई देवळात आलेली नाही. तिला परत कसं आणायचं, मला कळत नाही.

येत्या मंगळवारी आरतीला, सगळं गाव असताना, त्याच पायरीवर उभी राहून मी हे मोठ्यानं सांगणार आहे. आबांसमोर. मग पुढचा मोर्चा मोडला तरी मोडू दे.

आता तुम्ही. तुमच्याही गावात अशी पायरी असेल. तिथं कुणाचं नाक घासलं जात होतं तेव्हा तुम्ही कुठं उभे होता, काय बोललात, ते आधी तुमच्या देवापुढं, माणसांच्या देखत, बोला. तोवर माझं पत्रक हातात घेऊ नका.