मयताला उभं राहणारा

ठाण्यातल्या खोपटचा हा ट्रम्पेटवाला बोलताना दर वाक्याआधी ओठ पुसतो. माझ्या लेकाच्या वरातीत त्याने एका घराजवळ अख्खा बँड थांबवला. "शेठ, इथे सकाळीच माणूस गेलंय." मी चारचौघांत शिव्या घातल्या, तरी गल्ली संपेपर्यंत कुणी वाजवलं नाही. तो राग अजून आहे.

परवा ठाण्यात एक परदेशी बँड सुरुवातीच्या काळातलं जॅझ वाजवायला आलेला. माझ्या पुढच्याच रांगेत हा. ही धून अंत्ययात्रेत वाजायची, असं सांगून त्यांनी संथ सुरुवात केली, तसा हा उभा राहिला.

"ओ काका, बसा ना, दिसत नाही," मागून एकजण म्हणाला.

"मयत चाललीय," हा म्हणाला आणि उभाच राहिला.

मलाही स्टेज दिसत नव्हतं. पण मी त्याला बस म्हटलं नाही.