बियाचं गाडगं

२०२३ साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा. टेम्पो दारात लागला तेव्हा अंगणात कांदा अजून सुकत पडला होता. गाद्या चढल्या, पाटा चढला, कांद्याच्या चार वेण्या चढल्या. माझी बायको हिरा ड्रायव्हरशेजारी बसली. तिच्या किडन्या गेलेल्या, मंगळवार-शुक्रवार डायलिसिसच्या मशीनवर घ्यायचं, आणि ते मशीन उलव्याला आमच्या पोराच्या, प्रकाशच्या घराजवळ. म्हणून निघालो. हौस म्हणून न्हाय.

कांद्याच्या बियाचं गाडगं मात्र मी टेम्पोत ठेवलं नाही. मांडीवर घेतलं.

धाकटा भाऊ नामदेव कुंपणापर्यंत आला. "दादूस, गाडगं हितंच ठेव. कार्तिकात मी पेरतंय."

"तुझ्या हातात देऊ? परत घाटावरचा कांदा आपल्या वेणीत गुंफशील."

"एक वर्स केलं ते. किती दिवस बोलशील?"

"मरेपर्यंत. पावसाळा सरला का मी येतंय."

त्यानं फाटकावरचा हात काढला.

एका साली पीक कमी आलं तेव्हा नामदेवनं बाहेरचा पांढरा कांदा आणून आमच्या वेण्यांत बांधला आणि अलिबागच्या रस्त्यावर पाहुण्यांना विकला. वर त्यातलेच थोडे बियाला लावले. तेव्हापासून त्याचं बी मिसळीचं. मी चार वर्षं त्याच्या घरी पाणी प्यालो नव्हतो.

तुम्ही गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण माझ्यासारखे जे गेले, त्यांची पोरं मोबाइलवरून कांदा मागवतात, म्हणून लिहितो. भात कापलं की त्याच ओलीवर आमचा कांदा लागायचा. चपटा, पांढरा, गोड. चैत्रात उपटून पातीसकट सुकवला की सासरी गेलेल्या बहिणी, पुतण्या वेणी बांधायला यायच्या. आंब्याखाली गोणपाटं टाकायची, पात जराशी भिजवायची आणि पोरीच्या केसांसारखी गुंफत जायचं. हिराची वेणी सगळ्यांत घट्ट.

"नवऱ्याला पन असाच बांधलास काय गो वयनी?" बहीण विचारायची.

"त्यांना कशाला बांधू? सोडलं तरी कुठं जातात!"

दुपारी तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं, कैरी. पहिली वेणी गावदेवीला. तोवर नवा कांदा कुणी तोंडात घालायचा नाही, पोरांनी सुद्धा.

बियाचे कांदे बापूस निवडायचा. एकेक हातात फिरवून, एखादा चावून बघून. मला चौथीपर्यंतची अक्षरं कशीबशी आली, पण कांदा बघायला त्याच्याकडून शिकलो. बी राखेत घालून गाडग्यात. बापूस म्हणायचा, "बी इकायचं न्हाय. नि मागनाऱ्याला न्हाय म्हनायचं न्हाय." ज्याचं बी बुडालं त्यानं नारळ घेऊन कुंपणाबाहेर उभं राहायचं, आतून हाक आली की आत यायचं. आमच्या कुंपणाबाहेर उभे राहिलेले मी खूप बघितले. आम्ही कुणाच्या दारात उभे राहिलो नाही. त्याचा मला माज होता.

फ्लॅट आठव्या मजल्यावर. बाल्कनीतून न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात. गाडगं मी किचनच्या कपाटावर ठेवलं. "बाबा, फ्रीजमध्ये ठेवू का?" सूनबाईनं विचारलं. मी तिच्यावर ओरडलो. आमच्या सात पिढ्यांत कुणी बी फ्रीजमध्ये ठेवलं नव्हतं.

कार्तिक आला. नामदेवचा फोन आला, "पेरायचा टायम झाला, कुनाच्या हाती तरी पाठव." मी म्हटलं, येतंय. एक दिवस जाऊन पेरून आलो असतो. पण पेरल्यावर रोज पाणी कोण घालणार? नामदेवच. तेच मला नको होतं.

दुसऱ्या कार्तिकात मी श्रीखंडाच्या डब्यांत माती भरून बाल्कनीत बी टाकलं. आठव्या दिवशी हिरवी सुई वर दिसायला हवी. पंधरा दिवस झाले, एकवीस झाले. रोज सकाळी चष्मा लावून वाकायचो. कांद्याचं बी वर्षभर तग धरतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गाडगं डोळ्यांसमोर होतं, तेवढ्यावर मी निवांत राहिलो.

हिरा पलंगावरून बघत होती. म्हणाली, "भावाला दिलं असतंत तर शिव्या खात का होईना, जितं राहिलं असतं."

गावी मी कुणाला बोललो नाही. अख्खा हिवाळा गप्प. मग चैत्रात परत नामदेवचा फोन. "दादूस, कांदा उपटलाय. पोरी आल्यात. पावसानं यंदा माझं रोप अर्धं कुजवलं. येताना बापसाचं बी घेऊन ये मूठभर."

"बी मेलं."

"सगलं?"

"सगलं."

नामदेव म्हणाला, "मंग आता माझ्या शेतात हाय तेवढंच."

खरं होतं. बापसाच्या बियाचं जे काही उरलंय ते त्याच्या त्या मिसळीत. त्यातून निवडायला महिनाभर राहायला हवं, एकेक कांदा हातात फिरवायला हवा. ती नजर नामदेवकडे न्हाय, माझ्याकडे हाय, आणि मला मंगळवार-शुक्रवारच्या मध्ये फार तर दोन-तीन दिवस मिळतात. हिराला सोडून राहू शकत नाही, तिला घेऊन जाऊ शकत नाही. बिल्डिंगमध्ये लोक विचारतात, काका, घर कुठं? मी गावाचं नाव सांगतो. पण ज्या कुंपणाच्या आत मी जन्मलो, ज्याच्या आतून आम्ही हाक मारायचो, तिथं आता माझं देण्यासारखं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलहून पहिली एसटी धरली. अलिबागला नारळ घेतला. रिकामं गाडगं पिशवीत होतं. गावात पोचलो तेव्हा आंब्याखाली पोरी वेण्या बांधत बसल्या होत्या. फाटक सताड उघडं होतं. मी नारळ घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिलो.